बाईंचा आवाज, जावयाचा थाट

प्रति,
मोबाईलमधल्या मदतनीस बाई,
मुक्काम ढग, पोस्ट कॅलिफोर्निया.



पत्रास कारण की, बोलून पाहिलं. सावकाश बोललो, मोठ्यानं बोललो, पंखा बंद करून बोललो, पोरांना अंगणात हाकलून बोललो. आता लिहून पाहतो. लिहिलेलं तुमच्यापर्यंत पोचेल की नाही माहीत नाही, पण निदान मी दुसऱ्या ओळीवर असताना तुम्ही मध्येच गाणं तरी लावणार नाही.

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. भीड म्हणून नव्हे, भीती म्हणूनही नव्हे. आमच्याकडे पत्र असो की पेपर, एक जण मोठ्यानं वाचतो आणि चौघं ऐकतात. वाचणाऱ्याच्या तोंडून तुमचं नाव निघालं की ओट्यावरचे, खिशातले, चार्जिंगला लावलेले सगळे फोन एकदम 'बोला, मी काय मदत करू?' म्हणत उठतील, आणि पत्र तिथंच राहील. हाक मारावी तेव्हा तुम्ही झोपलेल्या असता. टीव्हीवरच्या कुठल्या तरी पात्रानं तुमच्या नावाशी यमक जुळणारं काही म्हटलं की मात्र ताडकन जाग्या होता.

मी आदिलाबादचा. बी-बियाणं, खत आणि फवारणीचं औषध विकतो. गिऱ्हाईक येतं बेल्याचं, जैनदचं, तलमडगूचं, इंद्रवेल्लीचं. उत्तरेला पैनगंगा, ती ओलांडली की यवतमाळ जिल्हा. आमच्यातल्या बऱ्याच घरांत मराठी बोलतात, कचेरीत तेलुगू चालते, बाजारात दखनी हिंदी, आणि उटनूरच्या बाजूला वळलं की गोंडी आणि कोलामी. माझ्या दुकानात उभा राहून माणूस म्हणतो, "अण्णा, मागच्या सालचं ते पाकीट एंत पडते? उधारी लिख लो, पत्ती विकली की देतो." यात तीन भाषा आहेत हे मला तुम्हाला सांगताना आत्ता जाणवलं. ऐकताना मी फक्त पाकीट काढलं, भाव सांगितला आणि वही उघडली. पत्ती म्हणजे कापूस, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तुम्हाला याच पत्तीचा आजचा भाव विचारला तर तुम्ही चहापत्तीचे दर दाखवलेत, वर आसामची की निलगिरीची असंही विचारलंत. सेवा म्हणावी तर अशी.

तुमच्या कर्तबगारीची यादी लांबलचक आहे, पण पत्राला मर्यादा आहे. एका शेतकऱ्यानं "बेल्याले पाणी हाये का?" म्हणून पावसाची चौकशी केली. तुम्ही त्याला 'बेला चाओ' ऐकवलंत. फवारणी राहिली बाजूला, इटलीचं गाणं मात्र आमच्या बाजारात पोचलं. गुडीहत्नूरचा रस्ता विचारला तर गुढीपाडवा कोणत्या तारखेला आहे ते सांगितलंत. नार्नूरच्या हवामानासाठी नागपूरचं तापमान दिलंत, आणि ते अगदी अचूक होतं. आणि पांढऱ्या मिशांचे ते आमचे काका आठवतात? कापूस विकायचा दिवस कोणता मिळाला ते त्यांना विचारायचं होतं. त्यांनी फोन तोंडाजवळ धरून "माही पाळी कधी हाये?" असं विचारलं. तुम्ही त्यांना लाजू नका, भरपूर पाणी प्या आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा, असा सल्ला दिलात. काका अजून माझ्या दुकानात यायला संकोचतात, कारण त्या वेळी आवाज पूर्ण वाढवलेला होता.

बाई, आवाज तुमचा बाईचा, पण थाट सगळा जावयाचा. बोलावल्याशिवाय यायचं नाही, आणि बोलवायचं तेही ठरलेल्या शब्दांत, नाहीतर रुसवा. आल्यावर मानपान म्हणून डेटा, बॅटरी, माईक, लोकेशन, कॅलेंडर, घरातल्या सगळ्यांचे फोन नंबर ताटात वाढायचे. 'परवानगी द्या' म्हटलं की द्यायची, कशासाठी ते विचारायचं नाही. आणि एवढं करून एक साधं काम सांगितलं तर उत्तर काय? "क्षमा करा, यात मी मदत करू शकत नाही."

तुमच्या या क्षमेबद्दल मात्र मनापासून आदर आहे. कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवण्यात आमचं आयुष्य गेलं, पण इतक्या गोड आवाजात, दर वेळी, न चिडता काम नाकारणारं खातं आम्ही पाहिलं नव्हतं. बाबू निदान चिडतो. चिडला की कळतं, आज नाही तर उद्या, साहेब आल्यावर, काहीतरी हलेल. तुमच्याकडे साहेब नाही, उद्याही नाही. तीच क्षमा, तोच गोडवा.

आता एक प्रसंग सांगतो. तुमच्या कंपनीत त्याची नोंद 'यशस्वी' या रकान्यात झाली असणार. जैनदकडची एक आजी आणि तिची नात दुकानात बसल्या होत्या. पोरगा हैदराबादला कामाला. आजीला अक्षर येत नाही, म्हणून नातीनं तिला तुमची ओळख करून दिली होती. आजीनं फोन समोर धरला आणि म्हणाली, "पोराले फोन लाव."

तुम्ही म्हणालात, "'पोराले' यासाठी वेबवर हे सापडलं."

"आजी, 'पोराले' नाही म्हणायचं," नात म्हणाली. "अन् 'लाव' बी नाही. त्याचं नाव जसं लिहिलं हाये तसंच म्हण."

नाव 'भैय्या हैदराबाद' असं साठवलेलं होतं. आजीनं पदर सारखा केला, घसा खाकरला आणि पाहुण्यांसमोर बोलावं अशा बेतानं म्हणाली, "भैय्या हैदराबादला कॉल करा." तुम्ही हैदराबादच्या कॉल सेंटरांची यादी दिलीत. मग नातीनं फोनची भाषाच बदलली आणि आजीच्या कानात काहीतरी पुटपुटली. आजी एकेक शब्द तोडत म्हणाली, "भैय्या हैदराबाद को कॉल करो." घंटी वाजली. फोन कानाला लावण्याआधी आजीनं माझ्याकडे पाहिलं. "आपल्याच पोराशी मराठीत बोलाले आधी हिच्याशी हिंदीत बोला लागते काय रे भाऊ? बहिरी हाये का ही?"

फोन लागला. बाई, तुमच्या लेखी काम फत्ते. आमच्या लेखी मात्र माझं सगळं म्हणणं याच प्रसंगात आहे. इतक्या वर्षांत शिकलं कोण? तुम्ही नाही, ती आजी शिकली. सत्तरीच्या बाईनं तुमच्या सोयीसाठी आपली बोली सोडली, क्रियापद बदललं, भाषा बदलली, आवाजाची पट्टी बदलली. आमच्याकडची माणसं फोनशी बोलायला लागली की एकदम बातम्या दिल्यासारखं बोलू लागतात. 'हाये'चं 'आहे' होतं, 'मले'चं 'मला' होतं, आणि मध्ये एखादा तेलुगू शब्द येणार असेल तर तो गिळून टाकतात. तुमच्या घराण्याचे लोक सांगतात की यंत्र दिवसेंदिवस माणसाकडून शिकतंय. आमच्या ओट्यावर बसून पाहिलं तर माणूस यंत्राकडून शिकतोय, आणि तोही निमूटपणे, फी भरून.

तुम्हाला मराठी येत नाही असं माझं म्हणणं नाही. येते. पण तुमची मराठी पैनगंगेच्या पलीकडंच थांबते. सेटिंगमध्ये मराठी निवडली की तुम्ही ठरवूनच टाकता, हा माणूस महाराष्ट्रातला. जमिनीचा कागद कसा काढायचा विचारलं तर तलाठ्याकडे जा, सातबारा काढा, आपले सरकार केंद्रात जा, असं मन लावून सांगता. बाई, इथं तलाठी नाही, सातबारा नाही. इथं पट्टादार पासबुक असतं आणि कागदासाठी मी-सेवा केंद्र असतं. शेतकऱ्यांच्या योजना विचारल्या की मुंबईच्या मंत्रालयातल्या योजना वाचून दाखवता. आमचं सरकार हैदराबादला बसतं. आणि भाषा तेलुगू केली तर तुम्ही पक्क्या हैदराबादी वृत्तनिवेदिका होता. मग बेला, भोरज, जैनद यांपैकी एकाही गावाचं नाव आम्ही म्हणतो तसं तुमच्या कानी पडत नाही. थोडक्यात, तुमच्या नकाशात मराठी बोलणारा तेलंगणकर हा प्राणीच नाही.

हा प्राणी तसा जुना आहे. हैदराबाद संस्थानात आदिलाबाद, किनवट, राजुरा ही सगळी एकाच जिल्ह्यातली गावं होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, तेव्हा किनवट आणि राजुरा आताच्या महाराष्ट्राच्या बाजूला गेले, आम्ही आंध्र प्रदेशात आलो. २ जून २०१४ ला तेलंगण झालं. ऑक्टोबर २०१६ मध्ये आमच्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. एवढ्या वेळा सरकारनं आमच्यावर रेघा ओढल्या, पण जीभ होती तशीच राहिली. ती एका राज्याची, एका लिपीची, एका सेटिंगची कधीच नव्हती. तुमच्या यादीत मात्र एका वेळी एकच भाषा निवडायची सोय. फार लाड केले तर दोन.

दोनवरून आठवलं, म्हणून तुमच्या घराण्याची पत्रिका उघडतो. इथं नावं घ्यावीच लागतील, वाचणाऱ्यानं फोन जरा दूर ठेवावेत. फार मागे जायचं तर १९६२ साली आयबीएमच्या 'शूबॉक्स' नावाच्या यंत्राला १६ शब्द समजत, त्यांत शून्य ते नऊ हे आकडेही आले. तुमच्यातली थोरली, सिरी, ४ ऑक्टोबर २०११ ला लोकांसमोर आली. गजर लाव, हवामान सांग, निरोप पाठव, एवढं तिला तेव्हा येत होतं आणि जग थक्क झालं होतं. मग २०१४ मध्ये ॲलेक्सा आणि कोर्टाना आल्या. २०१६ मध्ये गूगल असिस्टंट. ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलच्या कीबोर्डाला मराठी, तेलुगूसह आठ भारतीय भाषा ऐकून लिहिता येऊ लागल्या. ऑगस्ट २०१८ मध्ये असिस्टंट मराठीत बोलू लागला. त्याच महिन्यात असिस्टंटला एकाच वेळी दोन भाषा समजण्याची सोय झाली, आणि आम्ही टाळ्या वाजवायला हात वर केले. मग कळलं, त्या भाषा इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, इटालियन आणि जपानी. हात तसेच खाली घेतले.

पुढची कथा तर आणखी रसाळ. २०२३ मध्ये विंडोजमधल्या कोर्टानाचा गाशा गुंडाळला. जून २०२४ मध्ये ॲपलनं जाहीर केलं की सिरी आता माणसाचं बोलणं संदर्भासह समजून घेणार. मार्च २०२५ मध्ये जाहीर केलं की त्याला वेळ लागेल, आणि त्या नव्या कौतुकाची जाहिरातही मागे घेतली. गूगलनं २०२५ मध्ये सांगितलं की फोनमधल्या असिस्टंटच्या जागी वर्षअखेरपर्यंत त्यांचाच नवा मदतनीस जेमिनी येईल. वर्षअखेर आली तेव्हा सांगितलं, २०२६ मध्ये बघू. बाई, 'पुढच्या हंगामात नक्की' हे वाक्य आम्ही उधारीच्या गिऱ्हाइकांकडून ऐकत आलो आहोत. जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांकडून ते ऐकताना फार घरच्यासारखं वाटलं.

२०११ मध्ये तुम्ही गजर लावत होता. आजही गजर उत्तम लावता. त्यात खोट काढणार नाही.

आता तुमच्या सबबी. पहिली सबब अशी की भाषा अवघड आहे. असेल. पण मार्च २०१५ मध्ये सिरीला डॅनिश येत नव्हती आणि एप्रिलमध्ये यायला लागली. डेन्मार्कची लोकसंख्या ६० लाखांच्या घरात. मराठी मातृभाषा असलेली माणसं २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख होती. तेव्हा अडचण जिभेची नसावी, खिशाची असावी. डेन्मार्कचा माणूस फोनला जेवढे पैसे देतो तेवढ्यात आमच्याकडे बैलजोडी येते. हे सरळ सांगितलंत तर आम्ही समजून घेऊ. व्यापारीच आहोत आम्हीही.

दुसरी सबब, बोलणाऱ्यांचे नमुने मिळत नाहीत. ही ऐकून मात्र हसू आवरलं नाही. २०१९ मध्ये बातम्या आल्या की तुमच्या घराण्यातल्या मोठमोठ्या कंपन्यांनी लोकांच्या बोलण्याचे तुकडे कंत्राटी माणसांना ऐकायला दिले होते. त्यांत चुकून जाग्या झालेल्या फोनांनी टिपलेलं खासगी बोलणंही होतं. म्हणजे ऐकायचं तेव्हा ऐकू येत नाही, आणि नको ते बरोबर कानावर पडतं. आमच्या गल्लीत अशा स्वभावाच्या एक-दोन बाया आहेत, पण त्या दोन ट्रिलियन डॉलरच्या नाहीत.

आणि नमुने हवेच असतील तर मार्ग माहीत नाही असंही नाही. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था 'वाणी' नावाच्या प्रकल्पात देशभरातले आवाज जिल्ह्याजिल्ह्यांतून गोळा करते. आधी भाषांची यादी करून तिच्यात माणसं बसवायची नाहीत, जिल्ह्यात जाऊन तिथली माणसं जशी बोलतात तशी ऐकायची. पैसा गूगलचा, म्हणजे तुमच्याच भाऊबंदांचा. केंद्र सरकारचा भारतीय भाषांसाठीचा प्रकल्प 'भाषिणी' २०२२ पासून आहे. शहाणपण घरात आहे, बाई. ते फोनपर्यंत यायला कुठल्या बैलगाडीनं निघालंय, तेवढं कळवा.

तिसरी सबब, लोकांनाच बोलायची सवय नाही. हे म्हणणाऱ्याला एकदा माझ्या दुकानात आणून बसवा. अक्षर न येणारा माणूस यूट्यूब उघडतो, माईकचं चित्र दाबतो, "गोंडी गाना" म्हणतो आणि ऐकत बसतो. हे त्याला कुणी शिकवलं नाही. २०११ च्या जनगणनेत जुन्या आदिलाबाद जिल्ह्याची साक्षरता ६१ टक्क्यांच्या आसपास होती. म्हणजे शंभरातल्या उरलेल्या एकोणचाळीस माणसांना तुमच्या जाहिरातीतलं 'फक्त बोला' हे वाक्य अगदी वेगळं ऐकू आलं. ज्याला टाइप करता येतं त्याला तुम्ही म्हणजे चैन. गाडी चालवताना गाणं बदलता आलं नाही तर त्याचं काय बिघडतं? आमच्याकडे ज्याला तुमची खरी गरज आहे, त्यालाच तुम्ही सगळ्यांत कमी समजता.

गरज कशी, ते सांगतो. २०२५ च्या हंगामापासून कापूस महामंडळाला, म्हणजे सीसीआयला, कापूस विकायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी करून दिवस घ्यावा लागतो. आता गाडी यार्डात जायच्या आधी फोनमध्ये जाते. २०२५ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल होता. ओलावा ८ टक्के असला तर पूर्ण भाव, पुढे कपात, १२ च्या वर गेला की कापूस परत. म्हणजे कोणत्या दिवशी पाऊस, कोणता दिवस मिळाला, आज खरेदी चालू की बंद, हे तीन प्रश्न ज्याला वेळेवर सुटले त्याचा हंगाम सुटला. भाड्याची गाडी उभी करून ठेवलेल्या माणसाला तुम्ही तीन प्रश्नांपैकी एकाचं जरी धड उत्तर दिलंत तरी तो तुमच्या नावानं नारळ फोडेल. तुम्ही त्याला विनोद ऐकवता. 'एक विनोद सांग' म्हटलं की मात्र कधी चुकत नाही.

शिकायचं ठरवलं तर किती लागतं, याचा एक दाखला देतो. निजामाच्या राजवटीत, १९४० च्या दशकात, ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ नावाचा एक ऑस्ट्रियन गृहस्थ आमच्या जुन्या जिल्ह्यातल्या मारलावाई या गोंडांच्या गावी येऊन राहिला. त्याच्याकडे सर्व्हर नव्हता, लाखो तासांचं ध्वनिमुद्रण नव्हतं, विजेचा दिवाही नसावा. त्यानं गोंडी ऐकली, शिकली, तिथं गोंड शिक्षक तयार केले, आणि पोरांसाठी गोंडी वाचनमाला देवनागरीत छापून घेतली, कारण मराठीचा या भागाला सराव होता. पुढे १९८० च्या दशकात आदिलाबादला आकाशवाणी आली, तीही गोंडीत बोलू लागली. आणि याच नार्नूर मंडलातल्या गुंजाळा गावात सापडलेल्या हस्तलिखितांमधली गोंडी लिपी जून २०१८ मध्ये युनिकोडमध्ये गेली. म्हणजे तुमच्या घराण्याला मराठीत बोलता यायच्या दोन महिने आधी गुंजाळ्याची अक्षरं जगभरच्या फोनांसाठी तयार होती. देशात गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख. त्यांची अक्षरं फोनमध्ये शिरली, आवाज अजून दाराबाहेर उभा आहे. दार उघडणं तुमच्याकडे होतं, आणि तुम्ही गजर लावण्यात गर्क होता.

न्यायाचं बोलायचं तर एक गोष्ट मान्य करायला हवी. बोललेलं लिहून घेण्यात तुम्ही खरंच बऱ्या झालात. पुस्तकी मराठीत सावकाश बोललं तर वेलांट्यासुद्धा बऱ्याचशा बरोबर येतात. आणि अलीकडची ती नवी, गप्पा मारणारी यंत्रं, त्यांना लिहून विचारलं तर पट्टादार पासबुकही कळतं आणि पत्तीचा कापूसही कळतो. म्हणजे अक्कल आहे आणि कानही आहेत. या दोघांची भेट फोनमध्ये घडवून आणायची, आणि मग समजलेलं काम हातांनी करायचं, एवढंच उरलं. तेच पंधरा वर्षं उरलेलं आहे.

तेव्हा आमच्या मागण्या, कलमवार नव्हे, एका दमात. माणसाला भाषा निवडायला लावू नका. तो बोलेल ती त्याची भाषा, तुकडे तुमचे तुम्ही जुळवा. भाषेवरून राज्य ठरवू नका. लोकेशनची परवानगी घेतलीच आहे, ती कधीतरी वापरा. मंडलातल्या गावांची नावं गावकरी म्हणतात तशी शिका. जे समजलं नाही त्याचं गाणं करू नका, परत विचारा. 'कोणती पत्ती, कापसाची का?' एवढं विचारलं तरी आजन्म ऋणी राहू. आणि रेंज गेली तरी फोन लावणं, गजर लावणं, दिवा लावणं एवढं फोनच्या पोटातल्या पोटात होऊ द्या. उटनूरच्या पलीकडे ढग असतात, पण ते तुमच्यातले नव्हेत.

हे तुमच्या वरिष्ठांपर्यंत पोचवा म्हणून सांगणार होतो, पण तुम्हाला 'वरिष्ठ' म्हटलं तर तुम्ही ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या सवलती सांगाल. म्हणून दुसरं सुचवतो. इंद्रवेल्ली मंडलात केस्लापूरला दर वर्षी पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. मेसराम कुळाची पूजा झाली की तिथं दरबार भरतो. हायमेनडॉर्फच्या काळापासूनची ती रीत आहे. कलेक्टर आणि बाकीचे अधिकारी मांडवात बसतात, माणसं उठून आपली गाऱ्हाणी सांगतात. कुणी गोंडीत सांगतं, कुणी तेलुगूत, कुणी मराठीत, बरेच जण एका वाक्यात सगळ्यांत. सगळी गाऱ्हाणी सुटतात असं मी म्हणणार नाही, मी इथलाच आहे. पण समोरचा माणूस कोणत्या भाषेत बोलतोय म्हणून अर्ज परत देत नाहीत.

पुढच्या दरबाराला तुम्हीही या. खुर्ची देऊ, माईक देऊ, चहा पाजू. चहावाल्याला ऑर्डर मात्र तुम्हीच द्यायची, आमच्यातल्या पाच जणांनी पाच प्रकारे सांगितलेली ऐकून. कमी साखरेचा कुणाचा, बिनदुधाचा कुणाचा, आणि पाणी कुणी मागितलं, हे बरोबर सांगितलंत तर हे पत्र जाहीरपणे मागे घेईन. चुकलात तर क्षमा मागू नका, ती तुमच्याकडून खूप घेऊन झाली. खाली बसा आणि संध्याकाळपर्यंत नुसतं ऐका.

येणार असाल तर गजर लावून ठेवा. तो तुम्हाला चांगला जमतो.

आपला,
एक बियाणेवाला, आदिलाबाद
(भाषा: मराठी; प्रदेश: यादीत नाही)